उतारावर शिडी लावायची तर आधी कुदळ घ्या

‘शिडी नेहमी सपाट, कडक जमिनीवर लावावी’ हा सल्ला देणारा माणूस कोकणात राहत नसणार. आमच्या घराला चार बाजू आहेत आणि त्यातली फक्त एक, पुढच्या खळ्याची, सपाट आहे. मागीलदारी जमीन विहिरीकडे उतरते, एका अंगाला गडग्याची माती घसरून आलेली, दुसऱ्या अंगाला माडाची मुळं वर आलेली. कौलं मात्र चारही बाजूंना आहेत आणि मृग लागायच्या आत ती चारही बाजूंनी परतावी लागतात. सपाट जागा शोधत बसलो तर तीन बाजू गळतील.

गेली वीसेक वर्षं हे काम मी स्वतः करतो. त्यात एकदा पडलो. का पडलो तेच सविस्तर सांगणार आहे, बाकीचं थोडक्यात उरकतो.

शिडी तपासून घ्या. बांबूची असेल तर पायऱ्यांची बांधणी, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर पायाचं रबर. रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर बदला, फार महाग नसतं. खांबावरून येणारी विजेची तार वळचणीला कुठे टेकते ते बघा आणि त्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची शिडी नेऊ नका. बांबू ओला असेल तर त्याच्यावरही भरवसा नको. आणि घडीची, चार पायांची घोडी उतारावर आणूच नका. दोन पायांची जागा जमवताना नाकी नऊ येतात, तिथे चार पायांची कुठे जमवणार? ती घडी मिटून भिंतीला टेकवणारेही पाहिलेत. ती टेकवण्यासाठी केलेली नसते, पाय नीट बसत नाहीत आणि बूड सरकतं.

आता जमीन. शिडीच्या दोन पायांत समजा 16 इंच अंतर आहे आणि शिडी 16 फुटांची आहे. एक पाय दुसऱ्यापेक्षा फक्त 1 इंच खाली असेल तर वरचं टोक जवळजवळ फूटभर बाजूला झुकतं. इंचभर म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढं. खालून बघताना ते दिसतही नाही, शिडी सरळच वाटते. वर गेल्यावर तुमचं सगळं वजन त्या खालच्या पायाकडे गेलेलं असतं. मग उजवीकडचं एक कौल उचलायला हात लांब केला की उरलेलं काम शिडी स्वतःच करते.

हे कळतं सगळ्यांनाच. म्हणून सगळे काय करतात? खालच्या पायाखाली काहीतरी सारतात. चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा), विटेचा तुकडा, फळी, नारळाची सोडणंसुद्धा. मीही तेच केलं होतं. मागीलदारी डाव्या पायाखाली एक चिरा ठेवला, तरी थोडं कमी पडत होतं म्हणून त्यावर फुटक्या कौलाची खापरी. खालून हलवून पाहिली, घट्ट वाटली. वर बाराएक फुटांवर होतो, उजवीकडचं काम संपवून डावीकडे वळलो. वजन डाव्या पायावर आलं, खापरी कडकन मोडली, चिरा कलंडला आणि मी गडग्याच्या मातीत. दगडावर नाही पडलो एवढंच नशीब. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आई धावत बाहेर आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो कौलं किती फुटली याचा. अकरा.

प्लास्टर घालून पडवीत बसलो असताना विचार करायला भरपूर वेळ होता. चिरा चुकीचा नव्हता, चिऱ्याची जागा चुकीची होती. सारलेली वस्तू कितीही जड असली तरी ती उतारावर सुटी ठेवलेली असते, तिला धरून ठेवणारं काही नसतं. खाली भुसभुशीत माती असेल तर ती एका बाजूने बसते. दोन वस्तू एकावर एक असतील तर त्यांच्यामध्ये आणखी एक घसरण्याची जागा तयार होते. आणि खालून हात लावून हलवून बघणं ही परीक्षाच नव्हे. हाताचा जोर किती आणि माणसाचं वजन किती!

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: खालचा पाय उचलायचा नाही, वरचा पाय उतरवायचा. म्हणजे ज्या बाजूला जमीन उंच आहे तिथे खणायचं. खणलेल्या जागी खाली जी माती लागते ती वर्षानुवर्षं बसलेली असते. भर घातलेली माती कितीही चोपा, पहिल्या वजनाला ती थोडी तरी दबतेच. हा फरक ज्याला पटला त्याला पुढचं सगळं आपोआप सुचेल. तरी मी कसं करतो ते सांगतो.

शिडी हवी तिथे नुसती टेकवून ठेवायची, चढायचं नाही. दोन्ही पाय कुठे येतात तिथे काठीने खूण करायची आणि शिडी बाजूला आडवी ठेवायची. इथे घाई करणारे शिडी उभी ठेवूनच पायाखालची माती कोरतात. तसं करू नका, शिडी डोक्यावर येते.

मग उंच बाजूला खाच घ्यायची. गोल खड्डा नको. जिन्याच्या पायरीसारखी सपाट तळाची खाच हवी, रुंदीला शिडीच्या पायापेक्षा चार बोटं जास्त आणि भिंतीच्या दिशेने हातभर लांब. लांब एवढ्यासाठी की शिडीचा कोन जमवताना पाय थोडा मागेपुढे करावा लागतो आणि दर वेळी नव्याने खणायला कोणाला वेळ आहे! तळ किंचित भिंतीच्या बाजूला उतरता ठेवा आणि खाचेची बाहेरची कड शाबूत राहू द्या. शिडीचं बूड घसरतं ते भिंतीपासून बाहेरच, ती कड त्याला अडवते. खालच्या बाजूच्या पायालाही तशीच, पण दोन-तीन बोटं खोल खाच घ्यायची. तोही पाय उघड्या गवतावर ठेवू नका.

आता मोजायचं. डोळ्यांनी नाही. आजूबाजूला सगळंच तिरकं असलं की डोळा त्या तिरक्यालाच सरळ मानायला लागतो, हे मी स्वतः अनेकदा अनुभवलंय. दोन्ही खाचांच्या तळांवर एक सरळ रीप आडवी ठेवा आणि तिच्यावर पाणसळ, म्हणजे पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी. पाणसळ नसेल तर गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून घ्या. बुडबुडा मधे येईपर्यंत उंच बाजू थोडी थोडी खरवडायची. एका दमात कुदळ मारू नका, कारण जास्त खोल गेलं की हात लगेच माती परत भरायला जातो आणि आपण पुन्हा चिऱ्याच्या गोष्टीवर येतो. जास्त खणलं गेलं तर दुसरी बाजूही तेवढी खाली घ्या. वाढीव खणण्याची पाच मिनिटं गेली तरी चालतील. भर घालायची नाही.

तळ पहारीच्या बुंध्याने किंवा धुमसाने चोपून घ्या. मग शिडी लावा, खालून पहिल्या पायरीवर दोन्ही पायांनी उभे राहा आणि चांगले हिंदकळा. आठ-दहा वेळा. परीक्षा ही. नंतर उतरा, शिडी बाजूला करा आणि पाणसळ परत लावा. बहुतेक वेळा एक बाजू पाव-अर्धा इंच बसलेली असते. दुसरी बाजू तेवढी खरवडा आणि पुन्हा हिंदकळा. दोनदा केलं की तिसऱ्यांदा बुडबुडा हलत नाही. मगच वर.

पावसात माती लोण्यासारखी झाली असेल तर दोन्ही पायांखाली मिळून एकच जाड फळी घालायची, तीही खाचेत बसवून. एका पायाखाली एक आणि दुसऱ्याखाली दुसरी अशा दोन फळ्या नकोत. खरं तर पावसात चढूच नये, पण मधल्या एखाद्या पावसात कौल सरकून देवघरात धार लागली की चढावंच लागतं हे मलाही ठाऊक आहे.

कातळावर हे काही चालत नाही, कातळ खणता येत नाही. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीला लावायचे कमी-जास्त होणारे पाय मिळतात, ते घ्या आणि चढण्याआधी दर वेळी त्यांची कळ बसलीय का ते हाताने बघा. कातळावरचं शेवाळ आधी खरवडून काढा, ते वाळलेलं दिसलं तरी. दोन पायांतला फरक वीत-दीड वीतीहून जास्त असेल तर शिडीचा हट्ट सोडा आणि माणसं बोलावून परांची बांधून घ्या. आमच्याकडे एकाने यावर तोडगा म्हणून बांबूच्या शिडीचा एक पाय करवतीने कापला होता. त्या जागेवर ती झकास उभी राहिली. बाकी सगळ्या गावात ती लंगडी.

कोनाचं गणित सोपं आहे: चार फूट उंचीला एक फूट बाहेर. बारा फुटांवर टेकत असेल तर पाय भिंतीपासून तीन फुटांवर. उतारावर मात्र उंची मोजायची ती शिडीच्या पायापासून, भिंतीच्या बुडापासून नाही. पाय जोत्याच्या बुडापेक्षा फूटभर खाली असतील तर बाराचे तेरा होतात आणि अंतरही सव्वातीन फूट. मोजपट्टी नसेल तर शिडीच्या पायाला चवडे टेकवून ताठ उभे राहा आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करा. तळवे पायरीला आरामात टेकले की कोन बरोबर. फक्त तुम्ही उभे आहात ती जागा शिडीच्या पायांच्याच पातळीला हवी. उतारावर एक पाऊल खाली उभं राहून बघितलं की ही युक्ती फसवते.

वरचं टोक वाशाच्या तोंडाला टेकवा, पन्हळीला नाही. पीव्हीसीची पन्हळ वजनाने मुडपते आणि शिडी तिच्यावरून सरकते. कौलांवर उतरायचं असेल तर शिडी वळचणीच्या वर तीनएक फूट जायला हवी, नाहीतर परत येताना पायाने पायरी चाचपडत बसाल. पहिल्या चढण्यात काम करायचं नाही, फक्त शिडी वाशाला दोरीने बांधून यायचं. तेवढ्यापुरतं खाली कोणीतरी धरायला हवं. त्यानंतर खालच्या माणसाला चहा करायला पाठवलंत तरी चालेल. पन्नास-साठ किलोचा माणूस पडती शिडी धरून ठेवील या भ्रमात राहू नका, तो शिडी धरतो ती सरकू नये म्हणून. खालूनही दुसऱ्या पायरीपासून पडवीच्या खांबाला एक दोरी घ्या. खांब नसेल तर दोन्ही अंगांना पहारी ठोका आणि त्यांना ताणून बांधा.

आता एक अशी गोष्ट जी कोणी सांगत नाही. माणूस शिडीवरून बाजूला का वाकतो? आळशी म्हणून नाही. शिडी हलवायची म्हणजे दोऱ्या सोडा, पुन्हा खणा, पुन्हा पाणसळ लावा. उतारावर हे अर्ध्या तासाचं काम आहे. मग तो म्हणतो, एवढी तीन कौलं इथूनच काढतो. बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या आत राहिली पाहिजे हा नियम तो तिथेच मोडतो. यावर उपाय वर नाही, खाली आहे. मी सकाळी उन्हं यायच्या आत त्या बाजूच्या सगळ्या जागा एकदमच खणून घ्यायचो. मागीलदारची बाजू तीस फुटांची आहे, तिथे हात पुरतो त्या अंतराने सहा-सात जोड्या. एकदा खाचा तयार असल्या की शिडी हलवायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि वाकायचा मोह होत नाही.

पाच वर्षांपूर्वी मी ते रोजचं खणणंही संपवलं. वळचणीखाली, पागोळ्या पडतात त्याच्या बाहेर, ठरलेल्या जागी खाचा खणून त्यात चिरे पाणसळीत बसवून टाकले, जमिनीच्या पातळीला किंवा तिच्या खाली. हो, तेच चिरे. जमिनीत गाडलेला चिरा कलंडत नाही. पावसाळ्यात त्यांच्यावर माती आणि पाला जमतो, शेवाळ चढतं. वैशाखात तारेच्या ब्रशने घासून, पाणसळ एकदा फिरवून घेतो. यंदा विहिरीकडचा एक अर्धा इंच बसला होता. उचलला, त्याच्या जोडीचाही उचलला, आणि दोन्ही नव्याने खाली बसवले.