अ‍ॅड-ऑनचं लायसन्स कॉम्प्युटरला बांधताय? या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपमधून, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या वर्कशॉपमधून, फोन आला. "कॅम (मशीनला कटिंगचा प्रोग्राम बनवून देणारं सॉफ्टवेअर) उघडतंय, पण फाइव्ह-अ‍ॅक्सिसच्या अ‍ॅड-ऑनचं, म्हणजे वेगळ्या विकत घेतलेल्या जोड-सुविधेचं, बटणच गायब आहे." मूळ सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्स असलेली यूएसबी किल्ली) जागेवर होता, दिवाही लागलेला. पण अ‍ॅड-ऑनचं लायसन्स डोंगलवर नव्हतंच, ते कॉम्प्युटरच्या आयडीला बांधलेलं होतं. आणि तो आयडी घेतला होता यूएसबीत खोचलेल्या नखाएवढ्या वायफाय अ‍ॅडॉप्टरचा, जो सकाळीच कुणीतरी काढून नेला होता.

ही चूक फार होते. हा आयडी बऱ्याचदा नेटवर्क कार्डाचा पत्ता असतो, त्यालाच मॅक म्हणतात. तो शोधायला लोक 'गेटमॅक' कमांड मारतात आणि वरची पहिली ओळ विक्रेत्याला पाठवून मोकळे होतात. त्या यादीत मदरबोर्डचं लॅन, वायफाय, ब्लूटूथ, व्हर्च्युअल मशीनची प्रत्यक्षात नसलेली कार्डं, सगळी एकाच पंगतीला बसलेली असतात. त्यापेक्षा 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' चालवा. तिथं प्रत्येक कार्डाच्या नावाखाली त्याचा १२ अक्षरी पत्ता दिसतो. मदरबोर्डवरच्या इथरनेटचाच द्या. वायफायशिवाय इलाजच नसेल, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' बंद आहे ना ते आधी बघा. ते चालू असेल तर पत्ता बदलत राहणार आणि लायसन्स अडणार.

"हार्ड डिस्क तीच आहे, नुसतं फॉरमॅट केलं, मग लायसन्स कसं गेलं?" काही अ‍ॅड-ऑन आयडी म्हणून डिस्कचा नंबर वाचतात, आणि डिस्कचे नंबर दोन असतात. एक कारखान्यात पडलेला, तो बदलत नाही. दुसरा व्हॉल्यूमचा (म्हणजे सी, डी अशा ड्राइव्हचा), तो प्रत्येक फॉरमॅटला नवा पडतो. अ‍ॅड-ऑन कुठला वाचतं हे लायसन्स घेतानाच विचारून ठेवा. जुनी डिस्क एसएसडीवर क्लोन केली की उलटं होतं: व्हॉल्यूमचा नंबर सोबत येतो, कारखान्याचा मात्र बदलतो.

खिशाला सगळ्यात जास्त चाट लावते ती चूक म्हणजे लायसन्स न सोडवता फॉरमॅट मारणं. मशीन सकाळी दुरुस्तीला जातं, दुपारी चकाचक होऊन येतं. विक्रेत्याच्या सर्व्हरवर मात्र जुनं अ‍ॅक्टिव्हेशन अजून चालूच. 'डीअ‍ॅक्टिव्हेट' किंवा 'रिटर्न लायसन्स' हे बहुतेक वेळा जुनी विंडोज जिवंत असतानाच करता येतं. मदरबोर्डच जळाला असेल तर बिल आणि जुना आयडी जोडून सरळ मेल करा. लायसन्स मिळालं त्याच दिवशी आयडीचा फोटो काढून ठेवलेला असेल तर काम लवकर होतं.

तारखेचा घोळ वेगळाच. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागं जातं आणि लायसन्स म्हणतं, तारखेशी छेडछाड झाली. सेल किरकोळ किमतीत मिळतो, बदला आणि तारीख लावा. पण कुणी गंमत म्हणून तारीख पुढं नेली असेल, तर त्या दिवशी बनलेल्या फाइल्सवर पुढचीच तारीख राहते. काही लायसन्स तेवढ्यावरूनही अडून बसतात.

दोन मशीनना एकच मॅक देऊन लायसन्स दुप्पट करायचा नाद तर करूच नका. करारभंग आहेच, शिवाय एकाच नेटवर्क स्विचवर दोघांचंही नेटवर्क लटपटतं.

त्या पॅटर्न शॉपचा अ‍ॅडॉप्टर बिलिंगच्या कॉम्प्युटरला सापडला. परत खोचला, बटण आलं. नवीन आयडीवरचं लायसन्स येईपर्यंत त्यावर चिकटपट्टी मारून ठेवली आहे, वर मार्करनं लिहिलंय : 'हात लावू नये'.