नाताळच्या भेटीसाठी स्पार्कलिंग वाइनचे चॉकलेट ट्रफल, आणि वाइन नको असेल तर संत्र्याचे

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात डिसेंबर म्हणजे आंबिया बहाराची संत्री तोडण्याचे आणि कापूस वेचण्याचे दिवस. याच दिवसांत नाताळ येतो, पाठोपाठ नवे वर्ष येते, आणि शेजारीपाजारी, मुलांच्या शिक्षकांना, शहरातून आलेल्या पाहुण्यांना काहीतरी हातचे द्यावे असे वाटते. गेली काही वर्षे आमच्या घरी या निमित्ताने चॉकलेट ट्रफल केले जातात. बाहेरून कोकोची भुकटी किंवा चॉकलेटचे पातळ कवच आणि आत मऊ, तोंडात विरघळणारे मिश्रण, असा हा लहानसा गोळा असतो. युरोपात जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल नावाच्या अळंबीसारखा तो ओबडधोबड दिसतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले आहे. तेव्हा गोळे अगदी गोल वळले नाहीत तरी वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

स्पार्कलिंग वाइन म्हणजे बुडबुडे असलेली वाइन. फ्रान्सच्या शँपेन प्रांतात ठरलेल्या पद्धतीने तयार होणाऱ्या वाइनलाच शँपेन म्हणता येते. आपल्याकडे नाशिक परिसरातील द्राक्षांपासून तयार होते ती स्पार्कलिंग वाइन, आणि या कामाला ती पूर्ण पुरेशी आहे. मात्र एक गोष्ट आधीच समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी कृती तिच्यावर उभी आहे. ट्रफलमध्ये बुडबुडे राहत नाहीत. वाइन तापवली की वायू निघून जातो आणि अल्कोहोलचाही मोठा भाग उडून जातो. मागे राहतो तो द्राक्षाचा आंबटपणा आणि यीस्टमुळे आलेला, ताज्या पावाची आठवण देणारा सुगंध. चॉकलेटच्या जड गोडीला आणि कडवटपणाला हा आंबटपणाच हलके करतो. हे एकदा लक्षात आले की महागडी बाटली घेण्याची गरज उरत नाही, आणि वाइन न वापरता हेच काम आपल्या शेतातल्या संत्र्याकडून कसे करून घ्यायचे तेही कळते.

वाइन घेण्याआधी आपण कोठे राहतो याचा विचार करावा. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, त्यामुळे तेथील वाचकांनी सरळ संत्र्याच्या कृतीकडे वळावे. अमरावतीहून नागपूरकडे जाणारा महामार्ग तळेगाव आणि कारंजा घाडगे येथे वर्धा जिल्ह्यातून जातो, म्हणून आमच्या भागातल्या माणसाने नागपूरहून त्या वाटेने बाटली आणू नये. अमरावतीच्या परवानाधारक दुकानातून बिलासह घ्यावी, हे सोपे आणि निर्धोक. बाटलीवर ‘ब्रूट’ असे लिहिलेले असेल तर ती कमी गोड असते, आणि ट्रफलसाठी तीच बरी, कारण गोडी चॉकलेटमध्ये असतेच. साडेसातशे मिलीलीटरच्या बाटलीतील जेमतेम सव्वादोनशे मिलीलीटर वाइन आपल्याला लागते. आदल्या दिवशी उघडलेल्या आणि बुडबुडे गेलेल्या बाटलीतील उरलेली वाइनही चालते, एवढेच की ती बूच लावून फ्रीजमध्ये ठेवलेली असावी.

साधारण पस्तीस ते चाळीस गोळ्यांसाठी ५५ ते ६० टक्के कोको असलेले ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० मिलीलीटर फ्रेश क्रीम, आटवण्यासाठी २०० मिलीलीटर वाइन आणि शेवटी घालण्यासाठी वेगळी काढलेली एक मोठा चमचा वाइन, ३० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, एक चहाचा चमचा मध आणि चिमूटभर मीठ घ्यावे. वरून घोळण्यासाठी सुमारे ४० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर लागते.

चॉकलेट निवडताना वेष्टनामागची बारीक अक्षरे वाचावीत. तालुक्याच्या ठिकाणी केकच्या सामानाच्या दुकानात ज्या लाद्या सहज मिळतात त्या बहुधा कंपाउंड चॉकलेटच्या असतात. त्यांच्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असते. त्या वितळवायला आणि घट्ट करायला सोप्या असतात, पण जिभेवर मेणासारखा थर ठेवतात आणि वाइनचा नाजूक सुगंध दाबून टाकतात. घटकांच्या यादीत कोको बटर असलेले चॉकलेट महाग पडते, तरी निदान आतल्या मिश्रणासाठी तेच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे तोंडातील उष्णतेने, वितळते आणि ट्रफलचे सगळे सुख त्यातच आहे. क्रीमच्या बाबतीत घरच्या म्हशीच्या दुधाची साय वापरण्याचा मोह होतो. साय चवीला उत्तम असते, परंतु तिच्यात स्निग्धांश किती आहे हे दर वेळी वेगळे असते आणि तिच्या गुठळ्या राहतात. म्हणून येथे २५ टक्के स्निग्धांशाचे डब्यातील क्रीम बरे.

पहिले काम वाइन आटवण्याचे. बाटली चांगली थंड करून, न हलवता, बूच एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली हळूहळू फिरवत उघडावी, कारण आतला दाब मोटारीच्या टायरमधील दाबापेक्षा जास्त असतो. बाटलीचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे नसावे. एक मोठा चमचा वाइन बाजूला काढून २०० मिलीलीटर वाइन स्टीलच्या खोलगट पातेल्यात घ्यावी. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचे पितळ वापरू नये, आंबट द्रवाने त्याची चव उतरते. सुरुवातीला फेस भराभर वर येतो, म्हणून पातेले मोठे हवे. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटांत वाइन आटून सुमारे ४० मिलीलीटर उरते, म्हणजे पावणेतीन मोठे चमचे. ते मोजूनच पाहावे, अंदाजावर सोडू नये. उरलेल्या द्रवात मध विरघळवून तो कोमट होऊ द्यावा.

आता गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण. पहिल्या वर्षी मी आटवलेली वाइन सरळ गरम क्रीममध्ये ओतली होती आणि आंबटपणाने क्रीम डोळ्यांदेखत फाटले. तेव्हापासून क्रम बदलला आहे: आधी क्रीम आणि चॉकलेट एकजीव करायचे आणि वाइन नंतर घालायची. चॉकलेट विळीवर किंवा सुरीने हरभऱ्याच्या डाळीएवढे बारीक चिरावे. ज्या पाटावर रोज लसूण आणि मिरची चिरली जाते तो पाट घेऊ नये, कारण चॉकलेट कोणताही वास लगेच ओढून घेते. क्रीममध्ये मीठ घालून ते कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवावे, उकळू नये, आणि चिरलेल्या चॉकलेटवर ओतून दोन मिनिटे तसेच झाकून ठेवावे. मग भांड्याच्या मध्यभागी लहान लहान वर्तुळे काढत ढवळायला सुरुवात करावी. मध्यभागी आधी गडद, चकचकीत ठिपका दिसतो. तो वाढवत वाढवत कडेपर्यंत न्यावा. चॉकलेटचे काही तुकडे उरलेच तर गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडे धरून अर्धा मिनिट ऊब द्यावी, मात्र पाणी भांड्याच्या तळाला लागता कामा नये.

येथे थोडे थांबून कारण सांगतो, कारण बहुतेकांचे मिश्रण येथेच बिघडते. गनाश म्हणजे स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले मिश्रण आहे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोनचार थेंब पडले तर त्यातील साखर ओली होऊन एकमेकींना चिकटते आणि चॉकलेटचा रखरखीत गोळा होतो. पण पाणी पुरेसे असेल तर हीच साखर विरघळते आणि मिश्रण लोण्यासारखे होते. म्हणजे नुकसान अर्धवट पाण्याने होते. दुसरीकडे पाणी फार झाले तर गोळे वळलेच जात नाहीत, आणि म्हणूनच वाइन आटवून मोजावी लागते. मिश्रणावर तेल सुटलेले दिसले आणि ते रवाळ वाटले तर घाबरून फेकून देऊ नये: एक चमचा कोमट दूध घालून पुन्हा मध्यभागातून ढवळावे, बहुतेक वेळा ते सावरते.

गनाश बोटाला जेमतेम कोमट लागू लागले की आटवलेली वाइन तीन भागांत घालावी आणि प्रत्येक भाग पूर्ण मुरल्यावरच पुढचा घालावा. त्यानंतर मऊ लोणी आणि सर्वांत शेवटी बाजूला काढलेली चमचाभर कच्ची वाइन घालून ढवळावे. हा शेवटचा चमचा सुगंधासाठी आहे, आणि त्यामुळेच या ट्रफलमध्ये थोडे का होईना अल्कोहोल राहते, हे विसरू नये. मिश्रण उथळ डब्यात ओतून त्याच्या पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर लावावा आणि घट्ट झाकणाने फ्रीजमध्ये तीन तास ठेवावे. डिसेंबरच्या थंडीत स्वयंपाकघरातील थंड कोपऱ्यात रात्रभर ठेवले तरी ते बेताचे घट्ट होते, आणि ज्या गावांत वीज कधी जाईल याचा भरवसा नाही तेथे हीच पद्धत कामाची आहे.

गोळे वळायला सकाळी लवकर बसावे. विदर्भातील हिवाळ्यात पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी ऊन चांगलेच तापते आणि तळहाताला लागलेले चॉकलेट लगेच पाघळू लागते. चमच्याने साधारण आवळ्याएवढा भाग काढून, हात गार पाण्यात बुडवून कोरडे पुसून, दोन-तीन फेऱ्यांतच गोळा वळावा. तिळगुळाच्या लाडवासारखा दाबून वळत बसू नये. दहा-बारा गोळे झाले की पुन्हा हात गार करावेत. वळलेले गोळे परातीत चाळलेल्या कोको पावडरमध्ये घोळवावेत. घरगुती भेटीसाठी एवढे आवरण पुरते. चॉकलेटचे कवच हवेच असेल तर आणखी २५० ग्रॅम चॉकलेट घ्यावे, त्यातील दोन भाग ४५ अंशांपर्यंत वितळवावे, उरलेला एक भाग बारीक चिरून त्यात ढवळत राहावे आणि तापमान ३१-३२ अंशांवर आले की गोळे बुडवावेत. थर्मामीटर नसेल तर खालच्या ओठाला थेंब लावून पाहावा. तो किंचित गार लागला पाहिजे. हे नीट साधले नाही तर कवचावर दोन दिवसांत पांढुरके डाग येतात. ते खायला अपायकारक नसतात, पण भेट म्हणून देताना बरे दिसत नाहीत.

वाइनऐवजी संत्री घ्यायची तर प्रमाण थोडे बदलते. ताज्या संत्र्यांचा ३०० मिलीलीटर रस हलक्या हाताने काढून लगेच गाळावा. नागपुरी संत्र्याच्या बिया आणि पांढरे पापुद्रे रसात राहिले, किंवा रस बराच वेळ तसाच ठेवला, तर तो कडू होतो आणि तापवल्यावर हा कडवटपणा वाढतो. रस मंद आचेवर ५० मिलीलीटरपर्यंत आटवावा, त्यात एक चहाचा चमचा लिंबाचा रस घालावा आणि मध वगळावा, कारण आटलेल्या रसात साखर पुरेशी असते. कच्च्या वाइनच्या चमच्याची जागा सालीच्या सुगंधाने भरून काढावी: फवारणीचा अंश जावा म्हणून फळ कोमट पाण्याने चोळून धुवावे, सालीचा फक्त केशरी भाग किसणीवर हलकेच किसावा, तो गरम क्रीममध्ये दहा मिनिटे ठेवून गाळून घ्यावा आणि क्रीम पुन्हा तापवून चॉकलेटवर ओतावे. आंबिया बहाराच्या फळाला असलेला आंबटसरपणा येथे फार उपयोगी पडतो. खरे सांगायचे तर आमच्या गावात वाइनच्या ट्रफलपेक्षा यांनाच अधिक मागणी आहे.

भेट बांधताना दोन्ही प्रकार कधीही एका डब्यात ठेवू नयेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आणि गाडगेबाबांच्या शिकवणुकीने ज्या घरांतून दारू कायमची गेली अशी असंख्य घरे आपल्या भागात आहेत. त्यांच्या हाती नकळत वाइनचा पदार्थ पडणे हा त्यांचा विश्वासघात ठरेल. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि व्यसन सोडलेली माणसे यांनाही ते देऊ नयेत. म्हणून डब्यावर ‘यात वाइन आहे’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि देताना तोंडानेही सांगावे. बुरुडाकडून घेतलेल्या बांबूच्या लहान टोपल्या किंवा पळसाच्या पानांचे कोरडे द्रोण बटर पेपर लावून वापरले तर भेट देखणी दिसते. द्रोण ओलसर असेल तर कोकोची भुकटी चिकट होते, म्हणून तो आदल्या दिवशी उन्हात वाळवून घ्यावा.

ताजे क्रीम असल्यामुळे हे ट्रफल फ्रीजमध्ये घट्ट डब्यात आठवडाभर टिकतात आणि बाहेर, तेही थंडीतच, दोन दिवस. फ्रीजमधून काढलेला डबा अर्धा तास न उघडता तसाच ठेवावा, नाही तर हवेतील ओल गार गोळ्यांवर धरते. एसटीने पाठवायचे असतील तर पहाटेच्या गाडीने पाठवावेत. डबा वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळून दुसऱ्या मोठ्या डब्यात बसवावा आणि नेणाऱ्याला तो खिडकीजवळच्या उन्हात किंवा इंजिनाशेजारी ठेवू नये असे बजावावे. आत एका चिठ्ठीवर केल्याची तारीख, कोणत्या दिवसापर्यंत खावेत ती तारीख आणि खाण्याआधी डबा अर्धा तास न उघडता बाहेर काढून ठेवावा ही सूचना लिहून घालावी.