डिस्चार्जच्या आधीचा आठवडा

पाठीच्या कण्याला इजा झालेल्या दादाला आम्ही घरी आणलं आणि 19व्या दिवशी परत अ‍ॅडमिट केलं. परत न्यायचं कारण कण्याची इजा नव्हे, तर माकडहाडावरची जखम होती. तुमचा पेशंट या आठवड्यात घरी येणार असेल तर आधी टेप घेऊन बाथरूमचं दार मोजा. ऐरोलीतल्या आमच्या सिडकोच्या घरात दार 24 इंच आणि नवी कोरी व्हीलचेअर 26. शेवटी सुतार बोलावून चौकट काढली. लिफ्ट नसेल तर खुर्ची उचलायला कोण कोण येणार ते आजच विचारून ठेवा.

लघवीची नळी घालायला वॉर्डातच, सिस्टरसमोर, स्वतःच्या हाताने शिका. नुसतं बघून येत नाही. ठरावीक वेळाने घालायची असेल तर साधारण दर 4 ते 6 तासांनी. कायमची असेल तर पिशवी मूत्राशयाच्या खाली राहू द्या, लादीवर टेकवू नका, नळीला पीळ पडू देऊ नका. थंडी वाजून ताप आला, लघवी गढूळ झाली तर उद्यावर ढकलू नका. असे पेशंट परत भरती होतात ते बरेचदा याच संसर्गापायी.

आता कातडी, आमची चूक इथेच झाली. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. म्हणून पाळ्या लावा: आमच्याकडे 12 ला वहिनी, 2 ला मी. पोटऱ्यांखाली उशी अशी सरकवा की टाचा अधांतरी राहतील. रोज सकाळी टॉर्च घेऊन माकडहाड, टाचा, घोटे बघा. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का. तशा जागी चोळायचं नाही. आम्ही मायेने खोबरेल चोळत बसलो होतो! एअर मॅट्रेस घेतली तरी कूस बदलणं सुटत नाही, आणि वीज गेल्यावर तिची हवा किती वेळ टिकते ते दुकानदाराला विचारून घ्या.

यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे, कागद सवडीने करा.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर एक कागद लिहून पलंगाशी चिकटवा: अचानक डोकं ठणकलं, चेहऱ्याला घाम फुटला, बीपी चढलं, तर लगेच बसतं करा, कपडे सैल करा, नळी तुंबली का बघा, उतरलं नाही तर 108. गाडी आली की तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.