टिटवी की माळटिटवी? बेळगाव भागात कसं ओळखायचं

आपल्याकडं टिटवी म्हटलं की लोकांना एकच पक्षी वाटतो, पण आहेत दोन, आणि दुसरी बघायची राहूनच जाते.

आधी ती उभी कुठं आहे ते बघा, निम्मं काम तिथंच होतं. येळ्ळूर-वडगावचं भाताचं शिवार, तळ्याचा काठ, मार्कंडेय नदीची कड, अशा ओलीच्या जागी असेल तर बहुतेक नेहमीची टिटवी. माळटिटवी हवी असेल तर अथणी, सौंदत्तीकडचे कोरडे माळ धरा, जिथं गवत पण खुरटं. पण नुसत्या जागेवर ठरवू नका, नेहमीची टिटवी माळावर पण येते.

मग दुर्बीण लावून छाती बघा, खरी खूण तीच. नेहमीच्या टिटवीचं डोकं, गळा, छाती काळीकुट्ट, डोळ्यामागून मानेवर उतरणारा पांढरा पट्टा, डोळ्यापुढं लाल गाठ, चोच लाल आणि टोकाला काळी. माळटिटवीची छाती मातकट, काळी फक्त डोक्यावरची टोपी आणि त्या टोपीला खालून पांढरी किनार, चोच काळी, आणि चोचीच्या मुळाशी लोंबणारी गाठ पिवळीधमक, इतकी सुंदर दिसते की बघतच राहावं. पाय दोघींचे पिवळेच, पंखावर पांढरा पट्टा पण दोघींना, त्यामुळं त्यावर जाऊ नका. नेहमीची साधारण ३५ सेंमी, माळटिटवी त्याहून लहान.

आवाज सोपा. नेहमीची "टिट्-टिटीव-टिट्" करून रात्री पण रान उठवते, माळटिटवीचा आवाज बारीक, तीक्ष्ण "टी-ई", आणि ती एवढा दंगा करत नाही. रात्री ओरडली की अशुभ म्हणून कोणी दगड मारत असेल तर थांबवा हो, बिचारी कुत्र्याला नाहीतर कोल्ह्याला हुसकत असते.

उन्हाळ्यात बघायला जाताना जपून. दोघी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, बहुतेक चार, मातीच्या रंगाची, वर काळे डाग, पायाशी असली तरी दिसत नाहीत. ऊन वाढलं की पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवतात, म्हणून पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागला की फोटोचा नाद सोडून आल्या वाटेनं मागं फिरा, तुम्ही तिथं थांबाल तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. नांगरट चालू असेल तर ट्रॅक्टरवाल्याला लांबूनच जागा दाखवा आणि तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडायला सांगा, अंड्यातून निघून अंग सुकलं की पिल्लं लगेच पळायला लागतात.