बीम-कॉलम सोडून पेशींकडे

सिव्हिल केलेल्या माणसाचा एका गोष्टीवर फार विश्वास असतो, ती म्हणजे फायनाइट एलिमेंट, वस्तूचे छोटे तुकडे पाडून हिशेब करायची पद्धत. स्लॅब द्या, धरणाची भिंत द्या. जाळी टाकायची, कडांच्या अटी लावायच्या, उत्तर काढायचं. पीएचडीला फळमाशीच्या भ्रूणातल्या पेशींचं मॉडेल हा विषय मिळाला तेव्हा मला वाटलं, काँक्रीटऐवजी मऊ मटेरियल, बाकी सगळं तेच.

पहिल्याच महिन्यात जाळीनं दगा दिला. काँक्रीटचा तुकडा शेजार बदलत नाही, पेशी बदलते. चार पेशी एकमेकींना लागून असतात. त्यातल्या दोघींची सामाईक कड आखडत जाऊन संपते आणि आतापर्यंत लांब असलेल्या दुसऱ्या दोघी एकमेकींना भिडतात. याला टी-वन म्हणतात. फळमाशीच्या भ्रूणातली जर्म-बँड नावाची पट्टी मुख्यतः अशा अदलाबदलीतून दुपटीहून जास्त लांब होते. म्हणजे इथे जाळी हीच घडामोड असते, आणि ती एकदा आखून मोकळं होता येत नाही.

म्हणून तुम्हीही इंजिनिअरिंग किंवा भौतिकशास्त्राकडून या विषयात येत असाल, तर सुरुवात व्हर्टेक्स मॉडेलपासून करा. पेशींचा एकपदरी थर म्हणजे एकमेकांना चिकटलेले बहुभुज. हलतात ते फक्त कोपरे. प्रत्येक पेशीला एक आवडतं क्षेत्रफळ आणि एक आवडती परिमिती असते, आणि त्यापासून ढळलं की ऊर्जा वाढते. जपानमध्ये होंडा यांनी ८०च्या दशकात या वाटेवर काम केलं. २००७ साली ड्रेस्डेनच्या गटानं फळमाशीच्या पंखाच्या ऊतीवर ते नीट बसवून दाखवलं. तो २००७चा पेपर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि वाचताना त्यातली आकृती स्वतःच्या कोडमधून काढून बघा. शंभर-दोनशे पेशींना साधा लॅपटॉप आणि पायथॉन पुरतं. चेस्ट किंवा कंप्युसेल-थ्रीडीसारखी पेशींच्या सिम्युलेशनची तयार पॅकेजेस चांगली आहेत, पण ती नंतर. आधी पॅकेज घेतलं की बटण कुठलं दाबायचं एवढंच कळतं.

इंजिनिअर मंडळींना अजून एक गोष्ट विसरावी लागते, ती म्हणजे जडत्व. पेशींच्या जगात घर्षण इतकं भारी असतं की वस्तुमान गुणिले त्वरण हे पद टाकूनच द्यायचं. बल लावलं की वेग मिळतो, बल काढलं की हालचाल तिथेच थांबते. मी पहिले पंधरा दिवस सवयीनं वस्तुमान घालत होतो आणि पेशी स्प्रिंगसारख्या उड्या मारत होत्या. सिनियर बघायची आणि काही न बोलता चहाला जायची.

आता माझ्या दोन फजित्या सांगतो, कारण नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एकदा सगळ्या कडांमधला ताण शून्य आला. पेशी वेड्यावाकड्या, ऊर्जाही शून्य. कोड बिघडला असं धरून मी तीन आठवडे चूक शोधत बसलो. चूक नव्हतीच. परिमिती भागिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ, या आकड्याला आकार-निर्देशांक म्हणतात. नियमित षटकोनाचा तो ३.७२ येतो, पंचकोनाचा ३.८१. आवडत्या परिमिती-क्षेत्रफळातून येणारा निर्देशांक साधारण ३.८१च्या वर ठेवला की हे मॉडेल घनाचं द्रव होतं, हे २०१५ साली दाखवलं गेलं होतं. मी ३.९ घालून बसलो होतो! विरार लोकलचा डबा आठवा. मोकळी जागा तसूभर नाही, तरी अंग तिरकं करू शकणारा माणूस दारापर्यंत पोचतोच. ऊतीतही गर्दी तेवढीच राहते. वाट निघते ती पेशीचा आकार लवचिक असला तर. त्याच २०१५ साली दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेतल्या पेशींवरही हा आकडा मोजला गेला.

दुसरी फजिती बरोबर उलटी. ऊती छान वाहताना दिसली, मी खुशीत पोस्टरसुद्धा बनवलं. पण कड किती आखडली की टी-वन करायचा, ती मर्यादा मी सरासरी कडेच्या वीस टक्के ठेवली होती. ती निम्मी केली आणि वाहणं बंद. माझा शोध म्हणजे कोडमधला एक आकडा होता. पोस्टर अजून कपाटावर आहे.

तेव्हापासून कुठलाही निकाल खरा मानण्याआधी दोन गोष्टी तपासतो. समोरासमोरच्या बाजू एकमेकींना जोडून घेतलेल्या पेटीत, प्रत्येक कोपऱ्यावर तीनच पेशी असतील तर, सरासरी शेजारी बरोबर सहा यायला हवेत. ५.९८ आले तरी कुठेतरी घोटाळा आहे, कारण हा कोपरे, कडा आणि पेशी यांच्या संख्यांचा ऑयलरचा हिशेब आहे, त्यात अंदाजाला जागा नाही. आणि बाहेरून किंवा पेशींनी स्वतः जोर लावला नसेल, तर दोन अदलाबदलींच्या मधल्या काळात ऊर्जा कधीच वाढता कामा नये.

प्रवेशाचं थोडक्यात: आयआयटीत पीएचडीला गेट परीक्षा चालते, भौतिकशास्त्राकडून येणाऱ्यांसाठी जेस्ट परीक्षा आहे, आणि टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) प्रवेश परीक्षा वेगळ्या. बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं केंद्र टीआयएफआरचंच. जीवशास्त्र बारावीनंतर सोडलं असेल तर घाबरू नका. ॲक्टिन, मायोसिन, कॅडहेरिन ही तीन प्रथिनं काय करतात एवढं पक्कं करा, बाकी लॅबमध्ये कानावर पडतंच.

मात्र त्या लॅबमध्ये जाऊन बसा. आमच्याकडे लेझरनं एक कड कापायचे आणि तिची टोकं किती वेगानं मागे सरतात ते मोजायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा कळलं, मी ज्याला स्क्रीनवर रेघ म्हणतो ती खरंच ताणलेली असते. प्रयोग करणाऱ्या ताईंनी विचारलं, "मग ताण किती नॅनोन्यूटन?" मी म्हटलं, घर्षण माहीत नाही, त्यामुळे या कडेत त्या कडेच्या दुप्पट आहे, एवढंच सांगू शकतो. त्या म्हणाल्या, "दुप्पट चालेल. पण मग उद्या आडव्या कडाही कापायला हव्यात, नुसत्या उभ्या कापून तुझं मॉडेल खरं की खोटं कसं कळणार?" दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भ्रूण गोळा करायला मीही गेलो.