गाडी पेंटिंगची साईडची कामं: रेट कसा काढायचा आणि गिऱ्हाईकाला आधी काय सांगायचं

दिवसा बॉडीशॉपमधे नोकरी आणि संध्याकाळी घरामागच्या शेडमधे स्वतःची कामं, असं माझं बरीच वर्षं चाललंय. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजमधली नवीन पोरं, आयटीआय करून नुकती स्प्रे गन हातात घेतलेली पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच असतोय, "दादा, एका दरवाज्याचं किती सांगू?" आणि त्यांना एक आकडा पाहिजे असतो. मी आकडा सांगत नाही, उलटं विचारतो की गाडी उन्हात बघितलीस का, रंग साधा आहे का मेटॅलिक, आधी कुणी पेंट केलाय का, आणि गिऱ्हाईकाला कधी पाहिजे. यातलं एक जरी माहीत नसेल तर आकडा सांगायचाच नाही, कारण एकदा तोंडातून गेलेला आकडा गिऱ्हाईक विसरत नाही, बाकी सगळं विसरतं.

फोटोवर रेट द्यायचा नाही ही माझी पहिली अट. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत दरवाज्यावर एक ओरखडा दिसतो, गाडी दारात आली की त्याच्याखाली पत्रा आत गेलेला असतो. गाडी दिवसा बोलवायची, धुऊन आणायला सांगायची. आपल्याकडं सीझनला उसाच्या ट्रॉलीतून बाहेर आलेल्या वाड्यानं (उसाच्या शेंड्यानं) किंवा ट्रॉलीच्या कडेनं घासलेल्या गाड्या लई येतात, त्यात निम्म्या ओरखड्यांना पेंट लागतच नाही. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं, नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या क्लिअरमधेच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, दोन हजार ग्रिटचा वॉटर पेपर पाण्यातून हलका मारून कंपाऊंड केलं की बहुतेक निघून जातो. अशा कामाचे मी तीनशे-चारशे घेतो आणि स्पष्ट सांगतो की याला पेंटची गरज नाही. त्या दिवशी अडीच हजार बुडाले असं वाटतं, पण तोच माणूस पुढं बंपर घेऊन येतो आणि रेटवर घासाघीस करत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवायचं, फडक्यात गुंडाळून, म्हणजे पेंटला ओरखडा येत नाही. दरवाज्यावर, फेंडरवर, चाकाच्या वरच्या कमानीवर सगळीकडं लावून बघायचं. चांगल्या पत्र्यावर ते टक्कन चिकटतं, आणि जिथं आधीच्या कुणीतरी पुट्टीचा थर भरून ठेवलाय तिथं ते ढिलं पडतं नाहीतर सरळ हातात येतं. (प्लॅस्टिकच्या बंपरला आणि ॲल्युमिनियमला चिकटणारच नाही, तिथं फसू नका.) जिथं चुंबक सुटलं तिथं गिऱ्हाईकाच्याच हातात चुंबक द्यायचं आणि त्यालाच लावायला सांगायचं. सेकंडहँड गाडी घेतलेल्या माणसाला तिथं पहिल्यांदा कळतं की आपली गाडी आधी ठोकलेली आहे, आणि मग "खाली काय निघेल ते घासल्याशिवाय सांगता येणार नाही, जुनी पुट्टी काढावी लागली तर इतके जास्त होतील" हे वाक्य त्याला पटतं. हेच वाक्य घासून झाल्यावर सांगितलं की तेच माणूस म्हणणार, वाढवायलाय बघा पैसे.

आता हिशेब. आकडे फक्त पद्धत समजायला घ्या, तुमच्या दुकानाचे भाव तुम्ही टाका. समजा एक दरवाजा आहे, साधा रंग, हलका डेंट. मटेरियल म्हणजे पुट्टी, वॉटर पेपर, प्रायमर, रंग, क्लिअर, हार्डनर, थिनर, मास्किंग टेप, सगळं मिळून ११५० धरा. इथं पोरं एक चूक हमखास करतात, रंग वापरला तेवढाच धरतात. मिक्सिंगच्या दुकानातून जेवढा डबा घ्यावा लागतो तेवढ्याचे पैसे धरायचे, कारण उरलेला रंग दुसऱ्या शेडच्या गाडीला चालत नाही, तो पडूनच राहणार. मग वेळ. हँडल, बीडिंग, रबर काढायला पाऊण तास, घासाई आणि पुट्टी दोन तास, प्रायमर आणि परत घासाई दीड तास, मास्किंग एक तास, गन मारायला आणि धुवायला एक तास, शेवटी पॉलिश आणि फिटिंग दीड तास. हे होतात पावणेआठ, म्हणजे आठ तास. गन हातात असते तो त्यातला जेमतेम एक तास, आणि गिऱ्हाईकाला दिसतो तो तेवढाच एक तास, म्हणून त्याला वाटतं की पंधरा मिनिटाच्या फवाऱ्याला एवढे कशाला. तासाला १५० धरले तर १२०० झाले. लाईटबिल, कंप्रेसरचं ऑइल, मास्कचे कार्ट्रिज याचे १५०. बेरीज २५००. त्यावर दहा टक्के, म्हणजे २५०, परत करावं लागलं तर त्यासाठी, कारण धुळीचा कण बसतो, ओघळ येतो, माशी चिकटते, आणि हे वर्षातून चार वेळा होणारच. झाले २७५०, मी २८०० सांगणार. दोन दरवाजे असतील तर दुप्पट लावायचे नाहीत, मास्किंग आणि गन धुणं एकदाच होतं, ५००० सांगितले तरी परवडतं आणि गिऱ्हाईकालाही बरं वाटतं.

मास्कचे पैसे लावायला लाजू नका. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पेंटच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, त्यानं दम्यासारखा त्रास लागू शकतो आणि एकदा लागला की नंतर थोडासा वाससुद्धा सोसत नाही. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही, साधा कापडी मास्कपण नाही. कार्ट्रिजचा चांगला मास्क हे कमीत कमी, बाहेरची हवा पुरवणारा घेता आला तर तोच घ्यायचा, आणि हा खर्च कामाच्या रेटमधूनच निघाला पाहिजे, घरातून नाही.

मेटॅलिक रंगावर जरा सविस्तर लिहितो, कारण माझी सगळ्यात मोठी भांडणं तिथंच झाली. सुरवातीच्या काळात गल्लीतल्या ओळखीतून एक सिल्व्हर गाडी आली, मागचा डावा दरवाजा. मी १५०० सांगितले, रंगाचा कोड टाकून दुकानातून शेड आणली, दरवाजा मारला आणि रात्री साडेनऊला ट्यूबलाईटखाली गाडी दिली, दोघंपण खूश. सकाळी त्याचा फोन आला, पेट्रोल पंपावर उन्हात गाडी उभी केली होती आणि मागून येणाऱ्या माणसानं विचारलं म्हणे, दरवाजा दुसऱ्या गाडीचा बसवलाय काय. मी जाऊन बघितलं तर खरंच तो दरवाजा समोरून एक छटा गडद आणि तिरकं बघितलं की उजळ दिसत होता. कोड बरोबर होता, दुकानदाराचीपण चूक नव्हती. मी कोट जास्त ओला मारला होता, ओल्या कोटात ॲल्युमिनियमचे कण खाली बसतात आणि रंग गडद दिसतो, कोरडा मारला की कण वर राहतात आणि उजळ दिसतो. शिवाय गाडी सात वर्षं उन्हात राहिलेली, जुना रंग फिका पडलेला. परत सगळं केलं, या वेळी बाजूच्या दरवाज्यात आणि मागच्या क्वार्टर पॅनेलमधे (मागच्या चाकावरच्या पत्र्यात) रंग हळूहळू विरवत नेला आणि त्या दोन्ही पॅनेलवर पूर्ण क्लिअर मारला, तेव्हा जुळलं. १५०० मधे माझं मटेरियलपण निघालं नाही आणि तीन रविवार गेले.

तेव्हापासून सिल्व्हर, ग्रे, बेज अशा मेटॅलिकचा मी एका पॅनेलचा रेट देतच नाही, बाजूच्या पॅनेलमधे रंग विरवण्यासकट देतो, वरच्या हिशेबात २८०० येत असतील तर ४२०० सांगतो, आणि का ते समजावतो. पेट्रोल टाकीचं झाकण काढून दुकानात न्यायचं, नुसत्या कोडवर विसंबायचं नाही, एकाच कोडच्या दोन-तीन छटा निघतात. मग एका कार्डावर बेस (रंगाचा थर) आणि क्लिअर मारून ते कार्ड गाडीवर ठेवून उन्हात गिऱ्हाईकाला दाखवायचं, त्यानं हो म्हटलं की गाडीवर गन. पांढरा रंग सोपा असं सगळे समजतात, पण पर्ल व्हाईट असेल तर तो तीन थरांचा असतो, साध्या पांढऱ्याचा रेट सांगून बसलात तर अडकलात.

"शोरूमसारखी पाहिजे हं." हे ऐकलं की मी काम थांबवून पाच मिनिटं बोलतो. कंपनीत रंग मारतात तेव्हा गाडीत वायर नसते, सीट नसते, नुसती पत्र्याची बॉडी असते, म्हणून ती साधारण १४० डिग्रीला भाजता येते. आपण तयार गाडी तेवढी तापवली तर प्लॅस्टिक वितळेल. बूथ, म्हणजे पेंटची बंद खोली असलेल्या वर्कशॉपमधे ६० डिग्रीच्या आसपास भाजतात, आणि माझ्या शेडमधे तर हवेवर वाळतो. म्हणून माझा पेंट दिसायला जुळेल, चमकेल, पण पहिला महिनाभर तो नाजूक असणार, वॅक्स-पॉलिश लावायचं नाही, पहिला आठवडा प्रेशरनं धुवायची नाही, पक्ष्यानं घाण केली तर लगेच पाणी टाकायचं. लाईट लावून शोधलं तर एखादा धुळीचा कण सापडेल हेसुद्धा मीच सांगतो. एवढं ऐकून ज्याला बूथच पाहिजे त्याला मी स्वतः बूथवाल्याचा पत्ता देतो. आणि फुल बॉडीचं काम साईडला घेऊच नका, दहा-बारा संध्याकाळी गाडी उघडी पडून राहते, धूळ बसते आणि गिऱ्हाईक रोज फोन करतंय.

तारखेचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर मी कामाला लागणाऱ्या दिवसात सरळ दोन-तीन दिवस वाढवूनच सांगतो. आपल्या पावसात हवेत एवढं पाणी असतं की पुट्टी-प्रायमर वेळेत सुकत नाही, कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठून गनमधून थेंब येतात आणि वाळताना रंगावर पांढुरका धूर बसल्यासारखं होतं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, अशा वेळी मटेरियल येणार कुठून. हे गाडी घेतानाच बोलायचं. मग दसरा. "दादा, पूजेला गाडी पाहिजेच बघ" असं म्हणत सगळे घट बसल्यावर येतात, म्हणून मी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी गाड्या घेणं बंद करतो. एकदा घाईत प्रायमर पुरता वाळू दिला नाही, महिन्याभरात घासाईच्या रेघा वर दिसायला लागल्या, ते काम फुकट परत करून दिलं.

सगळं ठरलं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकायचा, लांबलचक नको. कुठलं पॅनेल, डेंट काढणार का नाही, बाजूला रंग विरवणार का, किती दिवस, किती पैसे, ॲडव्हान्स किती, आणि खाली काही निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय पुढं काम होणार नाही. त्याचं "ओके" आलं की मगच गाडीला घासायचा पेपर लावायचा. मटेरियलचे पैसे आधी घ्यायचे, साधारण निम्मे होतात. गाडीचे चारही बाजूंनी उजेडात फोटो, आतल्या वस्तू त्याच्यासमोर काढून द्यायच्या. गॅरंटी मी एक वर्षाची देतो, पेंट सुटला किंवा फुगला तर फुकट करून देणार, पण दगड लागला, नवीन ओरखडा आला तर नाही. गंज आतून खाऊन वर आला असेल त्याची गॅरंटी एक दिवसाचीपण देत नाही आणि हे मेसेजमधे लिहितो. फौंड्रीजवळ रोज उभ्या असणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे बारीक कण बसून तांबूस ठिपके पडतात, त्यांनापण गाडी तिथंच उभी राहणार असेल तर ठिपके परत येणार हे आधीच सांगतो.

पाहुण्यांचं आणि मित्रांचं काम अवघड असतं. "आपल्यातलंच हाय, जरा बघून घे की." मी मटेरियलचं बिल त्यांच्या हातात देतो आणि मजुरीत काय सोडायचं ते सोडतो, पण मेसेज त्यांनापण तोच टाकतो. रेट कमी करून पाहिजे असेल तर कामातला एखादा भाग कमी करायचा, दर्जा नाही. म्हणजे खालची पट्टी राहू दे, आतली कड राहू दे, असं. प्रायमरचा कोट वाचवून स्वस्तात करून दिलं तर पेंट आपल्याच नावावर सुटतोय.

काही कामं पैसे दिले तरी घ्यायची नाहीत. जीपला मिलिटरी हिरवा मारून दे म्हणून पोरं येतात, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणं ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून आरसीवर रंग बदलून घ्यावा लागतो, ते त्यानं करायचं कबूल केलं तरच. इन्शुरन्स क्लेम लावायचा असेल तर सर्व्हेअरनं बघितल्याशिवाय घासायचा पेपर लावायचा नाही, आणि अपघाताची पोलीस केस असेल तर तपास होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. नोकरीवर आलेलं गिऱ्हाईक घरी वळवायचं नाही आणि तिथला थिनरचा एक थेंबपण आणायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून पाळलंय.

गाडी द्यायची ती दिवसा, कितीपण घाई असली तरी रात्री नाही. उन्हात उभी करायची, गिऱ्हाईकाला चारी बाजूनं फिरू द्यायचं, आपण गप्प उभं राहायचं. त्यानं बोट ठेवलं तिथं मार्करनं नको, टेपचा तुकडा लावायचा, पॉलिशनं निघत असेल तर तिथंच काढून द्यायचं, नसेल तर तारीख द्यायची. मग राहिलेले पैसे घ्यायचे. आणि उरलेला रंग, हार्डनर न घातलेला, छोट्या बाटलीत भरून त्याच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा, वर चिकटपट्टीवर गाडीचा नंबर, रंगाचा कोड आणि तारीख लिहून.