फायर अलार्म उगाच वाजतो म्हणून बंद ठेवलाय? या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळकडे अनेक दुकानांत, दवाखान्यांत आणि जिनिंगमध्ये फायर अलार्मचं पॅनल भिंतीवर दिसतं, पण हूटरची, म्हणजे भोंग्याची, वायर काढून ठेवलेली असते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "उगाच वाजतो हो, पेशंट घाबरतात." सगळ्यात घातक चूक हीच. अलार्म उगाच वाजत नाही, काहीतरी कारण असतं, आणि आपल्या भागात ते बहुतेक वेळा ऊन, धूळ किंवा फोडणी यांतलंच निघतं.

वाजला की लगेच रीसेट दाबू नका

साध्या, म्हणजे कन्व्हेन्शनल पॅनलवर फक्त झोन, म्हणजे इमारतीचा कोणता भाग ते कळतं; धूर किंवा उष्णता ओळखणारा नेमका डिटेक्टर कळत नाही. तो शोधायची खूण डिटेक्टरवरच असते: जो वाजला त्याचा लाल दिवा पेटलेलाच राहतो. रीसेट दाबलं की दिवा विझतो आणि कोणता वाजला ते कळायची सोय जाते. म्हणून आधी आवाज बंद करा, त्या झोनमध्ये फिरून खरंच धूर आहे का ते बघा, लाल दिव्याचा डिटेक्टर हेरा आणि मगच रीसेट करा. अॅड्रेसेबल पॅनल असेल तर डिटेक्टरचा नंबर पडद्यावरच येतो. तो वहीत तारीख-वेळेसह लिहा. एकच नंबर परत परत येत असेल तर दोष त्याच जागेत आहे.

पत्र्याखाली चुकीचा डिटेक्टर

याकडे खानदेशात फार दुर्लक्ष होतं. मे महिन्यात बाहेरच पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा तापलेल्या पत्र्याला लागून असलेली हवा त्याहून कितीतरी गरम असते. नेहमीचा हीट डिटेक्टर साधारण 57-58 अंशांना वाजतो. तो गोडाऊनच्या पत्र्याखाली लावला तर भर दुपारी आग नसताना बोंब मारणारच. अशा ठिकाणी जास्त तापमानाचा, 70-80 अंशांच्या घरातला डिटेक्टर लागतो. एजन्सीला कोटेशन मागतानाच "शेड पत्र्याचं आहे" हे सांगा.

पण डिटेक्टर बदलला म्हणजे काम झालं असं नाही. पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो आणि कापसाच्या गठाणीतून निघणारा थंडसर धूर त्या थराखालीच अडकतो, छतापर्यंत पोचतच नाही. कापूस आतल्या आत तासन् तास धुमसतो, ज्वाळा मागाहून दिसते. उंच शेडमध्ये म्हणूनच छताच्या थोडं खाली, आडवा किरण टाकणारा बीम डिटेक्टर उपयोगी पडतो. जिनिंग-प्रेसिंगमध्ये त्याच्या काचेवर तंतू बसतात. हंगामात ती वारंवार पुसली नाही तर पॅनलवर फॉल्ट येत राहणार.

घरात जागा चुकते

भरताची वांगी गॅसवर भाजली की किंवा मिरचीची फोडणी पडली की स्वयंपाकघरातला स्मोक डिटेक्टर वाजतो, मग कोणीतरी त्याची बॅटरी काढून टाकतं. तिथे हीट डिटेक्टर लावा आणि स्मोक डिटेक्टर बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, छताच्या मध्याजवळ घ्या. पंख्याच्या किंवा कूलरच्या झोतात नको, धूर बाजूला उडून जातो. गॅसगळती यांपैकी कशालाच कळत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून गॅस डिटेक्टर जमिनीजवळ हवा.

दिवाळीच्या रंगकामात डिटेक्टरला पिशवी बांधली असेल तर काम संपल्या दिवशीच सोडा. कोणी वरून रंग मारला असेल तर तो डिटेक्टर बदलाच.

लाइट गेल्यावर पॅनल जिवंत राहतं का?

बहुतेक मोठ्या पॅनलमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. उष्णतेत त्या लवकर मरतात, आणि पॅनल नेमकं जिन्याखालच्या कोंदट कपाटात बसवलेलं असतं. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करा आणि बॅटरीवरच हूटर वाजवून बघा. आवाज मरगळलेला आला तर बॅटरी बदला. त्याच वेळी बंद दाराआड, पंखा चालू ठेवून झोपण्याच्या खोलीत उभं राहून ऐका. डोक्याशी 75 डेसिबलच्या आसपास आवाज हवा, नाहीतर गाढ झोपेतला माणूस उठत नाही.

चाचणीसाठी उदबत्ती धरू नका. तिच्या धुराचा चिकट थर आत बसतो आणि डिटेक्टर बिघडतो. टेस्ट बटण किंवा त्यासाठीचा स्प्रे वापरा.

व्यावसायिक इमारतींसाठी आणखी एक. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, घेऊन सादर करावा लागतो. सही घेताना एजन्सीच्या माणसाला घेऊन प्रत्येक मजल्यावर जा, डिटेक्टर समोर वाजवून घ्या आणि पॅनलजवळ कोणता झोन म्हणजे कुठली खोली याचा मराठी तक्ता लावून घ्या. रात्रीच्या वॉचमनला तो वाचता आला पाहिजे.